बंदूक, नशा आणि न्यायासन

टेक्सास राज्यात शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन गृहस्थांची कल्पना करावी. पहिला रोज रात्री व्हिस्कीची बाटली संपवितो आणि त्याच्या कपाटात दहा बंदुका आहेत. दुसरा दिवसाआड गांजाची एक विडी ओढून झोपी जातो आणि त्याच्या कपाटात एकच पिस्तूल आहे, तेही कुलुपात. पहिल्याच्या वाटेस अमेरिकेचा केंद्रीय कायदा जात नाही. दुसरा मात्र कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार असून त्यास पंधरा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. त्याने कोणावर बंदूक रोखलेली नसते, नशेत असताना तिला हात लावलेला नसतो, कोणास धमकी दिलेली नसते. त्याच्या घरात दोन वस्तू एकाच वेळी आहेत, एवढाच त्याचा अपराध. हा न्याय आहे काय, असा प्रश्न गेल्या काही वर्षांत अमेरिकेतील एकामागून एक न्यायालयांपुढे आला, आणि २० ऑक्टोबर २०२५ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने ‘हेमानी’ या नावाने ओळखला जाणारा खटला सुनावणीस घेण्याचे मान्य केल्याने तो सर्वोच्च पीठापर्यंत पोहोचला.

सातासमुद्रापलीकडील या वादाशी गोमंतकीय वाचकांस काय कर्तव्य, असे कोणी विचारील. बंदूक आपल्याकडे परवान्याची वस्तू आहे आणि गांजा गुन्ह्याची. दोहोंचा राज्यघटनेशी संबंध जोडण्याचे आपल्याला कधी सुचलेले नाही. तथापि एखाद्या नागरिकास ‘धोकादायक’ कोणी ठरवावे, कशावरून ठरवावे आणि एकदा तो शिक्का बसला की तो पुसण्याची सोय असावी की नसावी, हे प्रश्न कोणा एका देशाचे नव्हेत. परकीय सत्तेने असे शिक्के आपल्या पूर्वजांच्या कपाळी मारलेले आहेत. म्हणून या वादाची साधकबाधक चर्चा करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कायद्याचा जन्म

प्रथम हा कायदा आला कोठून ते पाहू. १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडी यांचा खून झाला. १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये रॉबर्ट केनेडी गोळीस बळी पडले. देश हादरला आणि त्या हादऱ्यातून त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष जॉन्सन यांच्या स्वाक्षरीने बंदूक नियंत्रण कायदा अस्तित्वात आला. शिक्षा झालेले गुन्हेगार, न्यायालयाने मनोरुग्ण ठरविलेल्या व्यक्ती इत्यादींबरोबर मादक द्रव्यांचा बेकायदा वापर करणारे आणि त्यांच्या आहारी गेलेले लोक यांचाही या कायद्याने अपात्रांत समावेश केला. पुढील दुरुस्त्यांनी ते कलम आजच्या रूपास आले. त्याचा भंग केल्यास दहा वर्षांची शिक्षा होती. २०२२ मध्ये ती मर्यादा पंधरा वर्षांवर नेण्यात आली.

या कलमात एक मोठी फट प्रथमपासूनच होती. ‘वापर करणारा’ म्हणजे कोण, याची व्याख्या कायद्यात नाही. काल ओढणारा, गेल्या महिन्यात एकदा ओढणारा आणि अहोरात्र धुंदीत असणारा हे तिघे एकाच शब्दाच्या छत्राखाली येतात. शिवाय ज्या १९७० च्या कायद्याने नियंत्रित द्रव्यांची सूची तयार झाली, त्याने दारू आणि तंबाखू यांना व्याख्येतूनच वगळले आणि गांजास मात्र हेरॉइनच्या पंक्तीस, पहिल्या सूचीत, नेऊन बसविले. दारूड्याचा हक्क शाबूत आणि गांजा ओढणाऱ्याचा हक्क नष्ट, या विसंगतीचे मूळ त्या सूचीत आहे.

तरीही जोवर गांजा सर्वत्र निषिद्ध होता तोवर ही विसंगती फारशी कोणास टोचली नाही. पुढे काळ बदलला. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने औषध म्हणून गांजास मान्यता दिली. २०१२ मध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी प्रौढांना तो मौजेखातरही मोकळा केला. २०२४ अखेर अशा राज्यांची संख्या २४ झाली. परंतु केंद्रीय कायदा तेथल्या तेथेच राहिला. परिणामी रस्त्यावरच्या दुकानातून पावती घेऊन, राज्य सरकारास कर भरून, एखादा रुग्ण वेदनाशमनासाठी गांजा विकत घेतो आणि त्याच क्षणी केंद्र सरकारच्या दृष्टीने तो बंदूक बाळगण्यास अपात्र होतो. बंदुकीच्या दुकानात जो छापील अर्ज भरावा लागतो, त्यात तुम्ही मादक द्रव्यांचा बेकायदा वापर करता काय, असा प्रश्न असतो. खरे उत्तर द्यावे तर बंदूक मिळत नाही. खोटे द्यावे तर तो वेगळाच गुन्हा. नेव्हाडा राज्यातील एका महिलेजवळ औषधी गांजाचे नोंदणीपत्र होते, एवढ्यावरून तिला दुकानदाराने बंदूक विकण्यास नकार दिला, आणि २०१६ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने तो नकार वैध ठरविला.

या कलमाची झळ थेट अध्यक्षांच्या घरापर्यंत पोहोचली, हेही येथे नमूद केले पाहिजे. अध्यक्ष बायडेन यांचे चिरंजीव हंटर यांनी २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये रिव्हॉल्व्हर विकत घेताना आपण मादक द्रव्ये घेत नाही असे लिहून दिले. वस्तुतः त्या काळात ते कोकेनच्या विळख्यात होते. ११ जून २०२४ रोजी ज्यूरीने त्यांना दोषी ठरविले आणि त्या वर्षीच्या १ डिसेंबरला पित्याने अध्यक्षीय अधिकारात त्यांना क्षमा केली. ज्यांचे वडील राष्ट्राध्यक्ष नव्हते त्यांना अर्थात न्यायालयाचाच आधार होता.

इतिहासाचे दप्तर

तो आधार त्यांनी घेतला घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीचा. १७९१ मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेस जोडलेल्या या एका वाक्यात सुव्यवस्थित नागरी सेनेची आवश्यकता सांगून लोकांचा शस्त्र बाळगण्याचा हक्क अबाधित ठेवला आहे. हा हक्क नागरी सेनेपुरता की प्रत्येक व्यक्तीचा, याविषयी दीर्घकाळ वाद होता. २००८ मध्ये ‘हेलर’ खटल्यात पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा हक्क ठरविला. मात्र गुन्हेगार आणि मनोरुग्ण यांच्यावरील बंदी वैधच मानावी, असेही त्याच निकालात सांगून ठेवले.

खरी उलथापालथ झाली ती २३ जून २०२२ च्या ‘ब्रूएन’ निकालाने. सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने न्यू यॉर्कचा बंदूक परवान्याचा जुना निर्बंध रद्द केला आणि त्यासोबत सर्व कनिष्ठ न्यायालयांच्या हाती एक नवी कसोटी दिली. एखादा निर्बंध समाजाच्या हिताचा आहे की नाही, हे आता न्यायाधीशांनी पाहावयाचे नाही. अमेरिकेच्या ऐतिहासिक परंपरेत त्याच्यासारखा निर्बंध होता की नाही, एवढेच पाहावयाचे. म्हणजे आजच्या कायद्याचे भवितव्य अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील जुन्या दप्तरात शोधावयाचे.

आणि मग दप्तरे उघडली गेली. १६५५ मध्ये व्हर्जिनियाच्या वसाहतीने मद्यपानाच्या बैठकीत बंदुका उडविण्यास मनाई केली होती. लग्न आणि अंत्यविधी तेवढे अपवाद! १७७१ मध्ये न्यू यॉर्कने नववर्षाच्या धामधुमीत गोळ्या झाडण्यावर बंदी घातली. १८६७ मध्ये कॅन्ससने आणि १८८३ मध्ये मिसूरी व विस्कॉन्सिन यांनी नशेत असताना शस्त्र घेऊन फिरणे गुन्हा ठरविले. या सर्व कायद्यांत एक सूत्र समान आहे. नशा चढलेली असताना बंदूक हाती नसावी, असे ते सांगतात. नशा उतरल्यावरही बंदूक घरात नसावी, असे त्यांतील एकही सांगत नाही. घटनाकारांची पिढी मद्याशी फटकून वागणारी नव्हती. दुसरे अध्यक्ष जॉन ॲडम्स यांचा दिवस सफरचंदाच्या आंबविलेल्या पेयाने सुरू होत असे, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यांची बंदूक काढून घ्यावी असे कोणाच्या मनात आल्याचे ऐकिवात नाही.

याच तर्काने अनेक न्यायालयांनी आरोपींच्या बाजूने कौल दिला. २०२३ च्या फेब्रुवारीत ओक्लाहोमातील एका केंद्रीय न्यायाधीशाने हे कलम घटनाबाह्य ठरविले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पाचव्या विभागाच्या अपील न्यायालयाने ‘डॅनियल्स’ खटल्यात मिसिसिपीतील एका इसमाची शिक्षा रद्द केली. रस्त्यावर त्याची गाडी अडविली असता राखदाणीत गांजाची थोटके आणि गाडीत दोन बंदुका सापडल्या होत्या. तो त्या वेळी नशेत होता काय, याची तपासणीही कोणी केली नव्हती. तरी त्यास जवळपास चार वर्षांची शिक्षा झाली होती. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याच न्यायालयाने ‘कोनेली’ खटल्यात पुन्हा हाच विचार मांडला: शुद्धीवर असलेल्या नागरिकास, केवळ पूर्वी कधी नशा केली म्हणून, निःशस्त्र करण्याची परंपरा इतिहासात आढळत नाही. हेमानी खटल्यातील आरोपमुक्तीही याच न्यायालयाने कायम केली, आणि तिच्याविरुद्ध केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले.

परंतु सर्वच न्यायालये एका वाटेने गेली असे नाही. आठव्या विभागाच्या न्यायालयाने २०२४ मध्ये हे कलम सरसकट रद्द करण्यास नकार दिला. बुद्धिभ्रंश झालेल्यांना कोंडून ठेवण्याची परंपरा होती. काही नशा करणारे तितकेच धोकादायक असू शकतात, मग सारे कलमच कसे मोडीत काढावे, असा त्याचा युक्तिवाद होता. ओक्लाहोमाचा निकाल २०२५ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने फिरवून फेरविचारार्थ परत पाठविला. उलट त्याच वर्षी अकराव्या विभागाच्या न्यायालयाने फ्लोरिडातील औषधी गांजा घेणाऱ्या रुग्णांचा फेटाळलेला दावा पुनरुज्जीवित केला. एकच कायदा, एकच घटना, आणि विभाग बदलला की न्याय बदलतो! ज्या कसोटीने इतके भिन्न निकाल निघतात ती कसोटीच सदोष नाही काय, असे कोणी विचारल्यास त्यास दोष देता येणार नाही.

ती कसोटी किती ताणली जाऊ शकते याची जाणीव खुद्द सर्वोच्च न्यायालयासही झाली असावी. पत्नीस किंवा जोडीदारास मारहाण करण्याचा धोका ज्याच्याकडून आहे असे न्यायालयाने ठरविले, त्याच्या हातीही बंदूक राहू द्यावी, असा निष्कर्ष पाचव्या विभागाच्या न्यायालयाने याच कसोटीवरून काढला होता. २१ जून २०२४ रोजी ‘रहीमी’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मतांनी तो फिरविला आणि स्पष्ट केले की, आजच्या कायद्यास इतिहासात जुळा भाऊ सापडलाच पाहिजे असे नाही. तत्त्व जुळले म्हणजे पुरे. आमच्या मते या निकालातील महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. तेथे त्या विशिष्ट इसमास नोटीस मिळाली होती, न्यायालयापुढे आदेश झाला होता, त्याच्यापासून धोका आहे असा निष्कर्ष नोंदविला गेला होता आणि बंदी त्या आदेशाच्या मुदतीपुरती होती. नशा करणाऱ्यांच्या बाबतीत यांतील एकही गोष्ट होत नाही. कोणी सुनावणी घेत नाही, कोणी निष्कर्ष नोंदवीत नाही. पोलीस दारात आल्यावरच आपण अपात्र होतो हे नागरिकास कळते.

विचित्र मित्रपक्ष

या वादात अमेरिकेच्या राजकारणातील नेहमीच्या रेषाही पुसल्या गेल्या आहेत. बंदुकीच्या हक्काचा कैवार घेणारे ट्रम्प यांचे सरकार येथे बंदीचे समर्थन करीत आहे. सवयीने दारू पिणाऱ्यांवर पूर्वी निर्बंध होते, तेव्हा सवयीने गांजा ओढणाऱ्यांवर ते का नसावेत, असा सरकारचा मुद्दा आहे. बंदुकांवर कडक नियंत्रण हवे असे म्हणणारे, जे एरवी या सरकारचे कडवे विरोधक, या एका प्रश्नात त्याच्या बाजूस आहेत. दुसऱ्या बाजूस बंदूकधारकांच्या संघटना आणि नागरी स्वातंत्र्याच्या पुरस्कर्त्या संस्था एकत्र आलेल्या दिसतात. एकीला बंदूक प्रिय आहे, दुसरीला आरोपीचा हक्क.

सरकारची बाजू पोकळ आहे असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेत नागरिकांच्या हाती असलेल्या बंदुकांची संख्या २०१७ च्या एका अंदाजानुसार सुमारे ३९ कोटी होती. म्हणजे माणसांहून बंदुका अधिक. २०२३ या एका वर्षात तेथे ४६,७२८ माणसे बंदुकीच्या गोळीने मेली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे २७,३०० जणांनी स्वतःच्याच हाताने आपला शेवट केला. व्यसनाच्या गर्तेत सापडलेला, निराशेने ग्रासलेला मनुष्य आणि हाताशी भरलेले पिस्तूल यांचा संयोग किती भयंकर, हे सांगण्यास कोणा तज्ज्ञाची गरज नाही. अशा माणसाच्या घरातील बंदूक शासनाने उचलून नेली तर त्याच्या आईला, पत्नीला आणि मुलांना सुटकेचा निःश्वास टाकावासा वाटेल. त्या घराची बाजू घटनेच्या चर्चेत क्वचितच ऐकू येते. व्यक्तिस्वातंत्र्याचा घोष करणाऱ्यांनी तीही ऐकली पाहिजे.

पण म्हणूनच प्रश्न असा आहे की, हा कायदा त्या घरापर्यंत पोहोचतो काय? आमच्या मते नाही. तो दारूड्याच्या घराकडे ढुंकूनही पाहत नाही. व्यसनाने उद्ध्वस्त झालेला आणि कधीमधी विडी ओढणारा यांत तो भेद करीत नाही. धोका निर्माण होण्यापूर्वी तो थांबवीत नाही. रस्त्यावर गाडी अडविल्यावर, घराची झडती झाल्यावर, दुसरा कोणता गुन्हा सिद्ध करता येत नसेल तर हाताशी असलेले शस्त्र म्हणून तो वापरता येतो. प्रतिबंधाच्या नावाखाली तो शिक्षेचे काम करतो. ज्या कायद्याचे जाळे एवढे मोठे की लक्षावधी माणसे त्यात येतात आणि ओढणारा हात मात्र मोजक्यांनाच ओढतो, तेथे कोणास ओढावयाचे हे त्या हाताच्या लहरीवर राहते. आणि लहरीचा फटका नेहमी दुबळ्यासच बसतो.

शिक्क्यांचा इतिहास

याची साक्ष अमेरिकेच्या इतिहासातच आहे. यादवी युद्ध संपून गुलाम मुक्त झाले त्याच वर्षी, १८६५ मध्ये, मिसिसिपीने नव्याने मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना परवान्याविना शस्त्र बाळगण्यास मनाई करणारा कायदा केला. कारण दिले गेले शांततेचे. हेतू होता तो त्यांना पुन्हा दास्यात लोटण्याचा.

आमच्या इतिहासातही हेच घडले. १८७८ हे वर्ष आठवावे. लॉर्ड लिटन यांनी त्या एका वर्षात दोन कायदे आणले. एकाने देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या तोंडास कुलूप लावले, दुसऱ्याने देशी माणसाच्या हातातील शस्त्र काढून घेतले आणि युरोपीयांना त्यातून सूट दिली. पहिला कायदा रिपन यांच्या कारकिर्दीत रद्द झाला. दुसरा स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकून होता. त्याआधी सात वर्षे, १८७१ मध्ये, जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरविणारा कायदा झाला होता. सोलापूरच्या वसाहतीत तारेच्या कुंपणाआड ज्यांचे आयुष्य गेले त्यांनी कोणता अपराध केला होता? त्यांच्यावर शिक्का होता, एवढेच. तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये गेला. त्या शिक्क्याची खूण अजून पुरती गेली आहे असे छातीठोकपणे म्हणवत नाही.

या अनुभवामुळेच आमच्या राष्ट्रीय चळवळीस शस्त्राचा हक्क प्रतिष्ठेचा वाटे. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास असावा, अशी तरतूद होती. १९४८ च्या डिसेंबरमध्ये घटनासमितीत हरि विष्णू कामत यांनी त्या ठरावाची आठवण देऊन हा हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. त्यांच्या उत्तराचा आशय असा की, परकीय सत्तेने आम्हांस निःशस्त्र केले ते शांततेसाठी नव्हे, आम्ही उठाव करू नये म्हणून. सत्ता आता आपली झाल्यावर त्या मागणीचे मूळ कारण उरले नाही. बाजारात जाऊन वाटेल त्याने वाटेल ते शस्त्र विकत घ्यावे असा निरंकुश हक्क दिला तर राज्य चालणार कसे? समितीने दुरुस्ती फेटाळली. आज आपल्या घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात शस्त्राचा उल्लेख आहे तो एवढाच की, नागरिकांस शांततेने आणि शस्त्राविना एकत्र जमण्याचा हक्क आहे.

तिकडे १७९१ मधील वाक्याचा अर्थ लावण्यात आजची पिढी गुंतली आहे. इकडे डॉ. आंबेडकरांनी अवघ्या १७ वर्षांपूर्वीच्या, स्वपक्षाच्या नव्हे पण स्वदेशाच्या, आदरणीय ठरावासही विचारले: ज्या परिस्थितीने तुला जन्म दिला ती आज उरली आहे काय? इतिहासाचा मान राखणे आणि इतिहासाचे बंदी होणे यांतील अंतर या एका प्रश्नात सामावलेले आहे.

आमच्या अंगणात

आपल्याकडील व्यवस्था निर्दोष आहे असे मात्र कोणी समजू नये. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना आधी, बंदूक मागाहून. २०१६ च्या नियमांनुसार अर्जासोबत वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे लागते आणि अर्जदार मादक द्रव्यांच्या अधीन नाही असा स्पष्ट उल्लेख त्यात असावा लागतो. येथे शब्द आहे तो ‘अधीन’ असण्याचा, केवळ ‘वापर’ करण्याचा नव्हे. आणि तो वैद्याने तपासून लिहावयाचा आहे, पोलिसाने थोटके मोजून नव्हे. शिवाय मादक द्रव्यांविषयीच्या १९८५ च्या आमच्या कायद्याने गांजा निषिद्ध केला तरी भांगेची पाने त्याच्या व्याख्येबाहेर ठेवली. महाशिवरात्रीस भांग घेणारा भाविक आणि गांजाचा व्यापारी यांना एकाच तराजूत घालण्याची चूक निदान तेवढी टळली.

परंतु त्याच शस्त्र कायद्यात, ‘कोणत्याही कारणाने अयोग्य’ वाटणाऱ्या माणसास परवाना नाकारण्याचा अधिकार अधिकाऱ्यास दिलेला आहे. हे शब्द ‘वापर करणारा’ या शब्दांहून कमी सैल नाहीत. फरक इतकाच की, नकाराची कारणे लेखी नोंदविण्याचे बंधन कायद्याने घातले आहे आणि वर अपिलाची वाट ठेवली आहे. सत्तरीच्या डोंगराळ भागातील शेतकऱ्यास रानडुकरे आणि माकडे यांच्यापासून पीक वाचवावयाचे असते. त्याला परवाना नाकारला गेला तर त्याचे कारण कागदावर येते की नाही, आणि ते त्याच्या हाती पडते की नाही, यावर आमच्या कायद्याचे सारे शहाणपण अवलंबून आहे. कारण लिहिले गेले नाही तर तेथेही केवळ शिक्काच उरतो.

या सर्व विवेचनाचे सार थोडक्यात सांगता येईल. नशेच्या अमलाखाली असलेल्या हातात बंदूक नसावी, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. ज्याच्या व्यसनाने त्याचा स्वतःवरील ताबा सुटला आहे त्याच्यापासूनही ती दूर ठेवली पाहिजे. पण ते ठरविण्यापूर्वी त्या माणसास समोर बोलवावे, त्याचे ऐकावे, वैद्याचे मत घ्यावे, निर्णय लेखी द्यावा आणि तो सुधारला तर हक्क परत मिळण्याची वाटही मोकळी ठेवावी. हा नियम दारूस आणि गांजास सारखाच लागू करावा. बंदी माणसाच्या वर्तनावर असावी, त्याच्या नावापुढे लिहिलेल्या विशेषणावर नव्हे. असा कायदा करणे हे कायदेमंडळाचे काम आहे. न्यायालयास ते जुनी दप्तरे चाळून करता येणार नाही. हेमानी खटल्याचा कौल कोणत्याही बाजूस जावो, हे काम त्याने संपत नाही. आरोपी सुटला म्हणून व्यसनी माणसाच्या घरातील भीती जाणार नाही, आणि सरकार जिंकले म्हणून कायद्यातील अन्याय न्याय ठरणार नाही.

शस्त्र हा मूलभूत हक्क मानणारे राष्ट्र आणि शस्त्र ही परवान्याची वस्तू मानणारे राष्ट्र यांच्या वाटा भिन्न आहेत. पण दोघांनाही शेवटी एकाच उंबरठ्यावर येऊन उभे राहावे लागते. समोर एक माणूस असतो, त्याच्याविषयी शासनाच्या मनात संशय असतो आणि शासनाच्या हाती शिक्का असतो. तो शिक्का उमटविण्यापूर्वी त्या माणसाकडे क्षणभर पाहण्याची सवय ज्या राज्यास लागली, ते राज्य सुरक्षितही राहते आणि न्यायीही. ज्यास ती लागली नाही त्यास कितीही बंदुका जप्त करून सुरक्षितता लाभत नाही.